ऑइलचा दिवा आणि अक्कांचं एकाशन

सांगलीच्या अलीकडे, कृष्णेच्या काठावरच्या एका गावात अण्णा आणि अक्का राहतात. त्यांचा मुलगा अभय शेतकीच्या शिक्षणासाठी पुण्याला आला आणि चार वर्षं आमच्या घरी राहिला. शिक्षण संपवून तो गावी परतला, तेव्हापासून अण्णांचा दर दिवाळीला निरोप येई, ‘एकदा आमच्याकडे जेवायला या.’ ते जमत नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही एक जुनी, पांढरी, छोटी गाडी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर चार दिवस काढून निघालो. गाडी श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, चालवणार होता. मला चालवता येत नाही.

निघण्याआधी अभयचा फोन आला. त्यांचं घर जैन आहे, सूर्य मावळल्यावर कोणी जेवत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. अभयने आणखी एक गोष्ट सांगितली. अक्का चातुर्मासात एकाशन करतात. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही एका बैठकीत. एरवी त्या दुपारी जेवतात, पण आम्ही येणार त्या दिवशी त्यांनी जेवण संध्याकाळवर नेलं होतं. पाहुण्यांच्या आधी आपण जेवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

“आणि आम्हाला उशीर झाला तर?” मी विचारलं.

“तर दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच राहतील,” अभय म्हणाला. “काही बोलणार नाहीत. तुम्हाला कळणारसुद्धा नाही. म्हणून मी आधीच सांगतोय.”

तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत पोचायचं, एवढी एकच अट प्रवासाला होती. आधीचे दोन दिवस आमचे होते.

फलटण

सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद असं करत दुपारी फलटणला पोचलो. लोणंद सोडल्यापासून दोन्ही बाजूंना ऊस होता. कारखान्यांचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता. रस्त्याकडेला बैलगाड्यांची चाकं उतरवून ठेवलेली, लोहारांचे भाते चालू आणि उसाला तुरा यायला अजून अवकाश. पुण्यात ऑक्टोबरचं ऊन त्रासाचं वाटतं. इथे ते कामाचं आहे, अंगणाअंगणांत मिरच्या, शेंगा, कडधान्यं वाळत पडलेली होती.

श्रीकांतची ताराआत्या फलटणला एकटी राहते. तिने भाकरीचं पीठ मळूनच ठेवलं होतं. नव्या बाजरीची भाकरी, घेवड्याची उसळ, लोणी आणि लसणाची चटणी. पुण्यात ‘आणखी एक वाढू का’ असं विचारतात. आत्या विचारत नाही. ताटातली भाकरी अर्धी झाली की दुसरी पडते, आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात ती जरा लवकर पडते.

संध्याकाळी तिने गाडीची पूजा केली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ, सगळं. शेवटी पुढच्या नंबरपट्टीला लिंबू-मिरची बांधली. बाजारात मिळते तशीच होती. एक लिंबू, सात मिरच्या, बिब्बा आणि कोळशाचा तुकडा, बारीक लोखंडी तारेत ओवलेलं. तारेचं टोक बरंच लांब सुटलेलं होतं.

“आत्या, हे राहू दे ना,” श्रीकांत म्हणाला.

“का? बोचतंय का तुला?”

“तसं नाही. साताऱ्याला जाधव भेटणार आहे. भूगोल शिकवतो. त्याची या विषयावर व्याख्यानं असतात. गावोगाव जाऊन हेच सोडा म्हणून सांगतो तो.”

“मग त्याच्या गाडीला नको बांधू.”

“त्याच्याकडे स्कूटर आहे.”

“गाडी घेतलीस आणि दाखवायला वर्ष लावलंस. सगळ्या पुण्याची नजर आधी लागली, माझी मागून. घाटात जायचंय तुला. माझ्यादेखत तरी काढू नकोस.”

“तुझ्यादेखत नाही काढणार,” श्रीकांत म्हणाला, आणि तो शब्द त्याने पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी फलटण मागे टाकल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि लिंबू-मिरची सोडवली. टाकायची मात्र त्याला हिंमत होईना. त्याचा त्यावर विश्वास नव्हता, पण रस्त्यावर पडलेली लिंबू-मिरची कोणी ओलांडत नाही, सायकलवाले वळसा घालतात, बायका मुलांना ओढून घेतात. “उगाच कोणाला भीती कशाला घाला,” तो म्हणाला. डिकीत कपडे होते, आत्याने दिलेल्या नारळाच्या वड्या होत्या, त्यांना वास लागला असता. शेवटी त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या बाजूला एक पट्टी होती तिला तार गुंडाळली आणि बॉनेट बंद केलं. आत्याचं मन राहिलं आणि बाहेरून काही दिसेना. आम्हा दोघांनाही ही तोड चांगली वाटली.

मोगराळे घाट आणि औंध

फलटणहून दहिवडीकडे जाताना मोगराळ्याचा घाट लागतो. मोठा नाही, पण वळणं नीट आहेत. फलटणचा ऊस खाली राहतो आणि वर माणदेशाचं माळरान सुरू होतं, तपकिरी, उघडं, लांबवर दिसणारं. घाटाच्या मधल्या एका डाव्या वळणावर समोरच्या पट्टीतला लाल दिवा लागला. तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला. वळण संपलं तसा तो विझला.

“पाहिलंस?” मी म्हणाले.

“काय?”

“लाल दिवा लागला.”

“आता आहे का?”

“आता नाही.”

“मग झालं तर.”

पुढच्या डाव्या वळणावर तो पुन्हा लागला. या वेळी श्रीकांतने पाहिला. आम्ही थांबलो. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की हा दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावं, ऑइलचा दाब कमी असताना गाडी चालवल्यास इंजिनाचं मोठं नुकसान होतं. दिवा लागून विझल्यास काय करावं, याबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

दहिवडीत स्टँडच्या पुढे एक गॅरेज होतं. मेकॅनिकने ऑइलची पट्टी काढून पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली.

“ऑइल तर फुल हाय. दिवा कवा लागतुया?”

“घाटात लागला.”

“हितं लावून दावा.”

“आमच्या हातात नाही ते.”

“मग माज्या हातात तरी कुठं हाय?” तो म्हणाला. त्याने बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, दोन-चार ठिकाणी वाकून पाहिलं. लिंबू-मिरचीपाशी त्याचा हात थांबला आणि तिला वळसा घालून पलीकडे गेला. “एखादी वायर लूज असंल. जावा सावकाश. लागला तर थांबायचं, गेला तर निघायचं.”

या सल्ल्याला पैसे पडले नाहीत.

औंधला यमाईच्या डोंगरावर गाडीने जाता येतं. श्रीकांतने दिव्याची धास्ती घेतली होती, म्हणून गाडी खाली ठेवून आम्ही पायऱ्यांनी गेलो. हा फायदाच झाला. चढताना प्रत्येक टप्प्यावर मुलूख आणखी पसरत जातो. पाऊस नुकता संपलेला, म्हणून एरवी करपलेल्या या भागातही शेतांना हिरवी किनार होती. ज्वारीची पेरणी चालली होती, पाभरीमागून बायका एका ओळीत चालत होत्या. देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची, मोठ्या डोळ्यांची. गर्दी अजिबात नव्हती. खालचं चित्रसंग्रहालय बघायला आम्ही एक तास ठेवला होता, प्रत्यक्षात दुपार गेली. एवढ्या लहान गावात एवढी चित्रं आहेत आणि त्यांच्यासमोर आपण एकटे उभे आहोत, हा अनुभव पुण्यामुंबईत मिळत नाही.

पायथ्याशी एक बाई सीताफळं विकत होती.

“पिकलेली आहेत का?” मी विचारलं.

“आजची आज खायची का उद्याची उद्या?”

“दोन्ही.”

“मग ह्या चार आज, ह्या सा उद्या. उलटं करू नगा. आन् बाई, गाडीत मागं ठिवा, म्होरं ठिवलं की हेलपाटतंय आन् फुटतंय.”

आम्ही सीताफळं मागे ठेवली. तिने सांगितलेल्या क्रमाने ती पिकली.

सातारा

रहिमतपूरमार्गे साताऱ्याला येताना दिवा तीनदा लागला. प्रत्येक वेळी आम्ही थांबलो, आणि थांबलो की तो विझलेला असे. जाधवांनी घरी पोचताच हकीकत ऐकली आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये नेलं. गॅरेज बाबूभाईंचं. साताऱ्यातल्या निम्म्या प्राध्यापकांच्या गाड्या आपल्याकडे येतात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

बाबूभाईंनी बॉनेट उघडलं. जाधव शेजारीच उभे होते.

“श्रीकांत,” जाधव म्हणाले, “हे काय रे?”

श्रीकांत बॉनेटची दांडी नीट बसवू लागला.

“तू? लिंबू? आणि तेही लपवून?”

“आत्याचं आहे.”

“आत बांधलंय ते बेस्ट केलं साहेब,” बाबूभाई म्हणाले. “बाहेर बांधलं की पोरं काढून नेतात, नाहीतर उन्हात वाळून पडतं. आत टिकतं. माझ्या मेव्हण्याच्या ट्रकला पण आतच आहे.”

“इंजिनाला कसली नजर लागणार, बाबूभाई? बॉनेटच्या आत बघतं कोण?”

“मी बघतो ना, सर,” बाबूभाई म्हणाले, आणि जाधवही हसले.

मला वाटलं, आता जाधव ती लिंबू-मिरची काढून टाकतील. शेकडो लोकांसमोर त्यांनी ते काम केलेलं आहे. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. “आत्याचं आहे ना,” ते म्हणाले, “मग आत्यालाच पटवायला पाहिजे. राहू दे.”

बाबूभाईंचं निदान असं होतं, की जुनं ऑइल पातळ झालं आहे, गाडी तापली की दाब पडतो. त्यांनी ते खालून सोडून नवीन भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाचा आवाज खरोखरच मऊ वाटला, किंवा आम्हाला तसं ऐकायचं होतं.

रात्री जाधवांच्या घरी जेवण, आणि नंतर कंदी पेढे. पुण्यात पेढा म्हणजे पांढरा आणि मऊ. इथला खमंग भाजलेला, तपकिरी, किंचित रवाळ असतो. जाधवांच्या पत्नी म्हणाल्या की पेढा कुठल्या दुकानातून आणावा यावरून साताऱ्यात घरं फुटतात. त्यांच्या घरात दोन दुकानांचे पेढे दोन डब्यांत होते.

कराड ते तासगाव

तिसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याहून निघालो. कराडपर्यंत मोठा रस्ता, बहुतेक सरळ, आणि दिवा एकदाही लागला नाही. श्रीकांत गुणगुणू लागला. कराडला संगमावर थांबलो. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येतात आणि भिडल्यावर एकदम काटकोनात वळून निघतात, असं दृश्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पाणी अजून गढूळ होतं. घाटावर एक गृहस्थ पोहून आलेले, अंग पुसत उभे होते. त्यांनी आमची गाडी पाहून ‘पुण्याचं का?’ विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुण्याच्या पाण्याला नावं ठेवली. आम्ही ऐकून घेतलं. त्यांच्यासमोर दोन नद्या होत्या.

कराड सोडून तासगावचा रस्ता धरला, तो अरुंद आणि वळणांचा होता. पहिल्याच डाव्या वळणावर दिवा लागला. मग प्रत्येक डाव्या वळणावर. आता तो वळण संपल्यावरही थोडा वेळ राहू लागला, आणि खड्ड्यातून जाताना लुकलुकू लागला. आम्ही थांबायचो, इंजिन गार होऊ द्यायचो, निघायचो.

“उभं राहण्यात वेळ जातोय,” श्रीकांत शेवटी म्हणाला.

“आणि इंजिन गेलं तर?”

“गेलं तर अण्णांच्या दारात गेलेलं बरं. इथे जाऊन काय उपयोग?”

“दारात जाणार कसं? वाटेतच जाईल.”

बाहेर तासगावचे द्राक्षमळे सुरू झाले होते. ऑक्टोबरची छाटणी चालली होती. सगळी पानं उतरवलेली, मांडवावर नुसत्या छाटलेल्या काड्या, आणि माणसं त्यांवर डोळे, म्हणजे नवे कोंब, फुटण्याचं औषध लावत चाललेली. हिरव्या उसातून आल्यावर हे मळे एकदम उघडे दिसतात. पण इथला वर्षाचा आरंभ हाच आहे, असं एका मळ्याच्या कडेला थांबलो तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं. तो म्हणाला, “आता दिसतंय ते काय न्हाई बघा. संक्रांतीला या, मग बघा.” एरवी मी त्याच्याशी तासभर बोलले असते. त्या वेळी मी त्याच्या खांद्यावरून सूर्य बघत होते.

तासगावात शिरताना दिवा लागला तो गेलाच नाही. पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी लावली. मालक पन्नाशीचे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत होते. त्यांनी ऑइल पाहिलं, नवं आणि पुरेसं होतं.

“मग पंपच,” मिस्त्री म्हणाले. “ऑइल हाय, पर वर चढत न्हाई. पंप उघडावा लागंल.”

“किती वेळ?”

“आज सोडा, परवा न्या.”

“आम्हाला सूर्य मावळायच्या आत पुढे पोचायचंय. जेवायला.”

“जेवाया? आवं, तासगावात काय जेवान मिळत न्हाई व्हय?”

मी त्यांना अक्कांचं सांगितलं. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. त्या भागात जैन घरं पुष्कळ आहेत, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

“एकाशन हाय म्हंतासा? मग लय घोळ झाला की वं,” ते म्हणाले. “असं करा. गाडी हितं ठेवा. वडाप बघा.”

वडाप म्हणजे माणसं भरून जाणारी जीप. कोपऱ्यावर एक उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता आणि जीपमध्ये एक म्हातारी आणि एक कोंबडी होती. भरल्याशिवाय ती सुटणार नव्हती. मी समोरच्या बूथवरून गावात फोन लावला. तिथला फोन दूध डेअरीतला, आणि दुपारी बंद झालेली डेअरी संध्याकाळच्या दूधसंकलनालाच उघडते. घंटी वाजत राहिली. मला अभयला एवढंच सांगायचं होतं की आमची वाट बघू नका, अक्कांना जेवू द्या. ते सांगायला वाट नव्हती.

परत आले तेव्हा मिस्त्री म्हणत होते, “पंप खोलायच्या आधी एक डाव स्विच बघतो. दाबाचा स्विच हितं खाली असतोय. कवा कवा त्योच खोटा बोलतोय. बाई, तुमी आत बसा, इंजिन चालू ठेवा, दिव्याकडं बघत ऱ्हावा. सायेब, तुमी तेवढं हे काढा.”

“काय?”

“हे.” त्यांनी लिंबू-मिरचीकडे बोट दाखवलं. “माजा हात जात न्हाई त्येच्यामुळं.”

“तुम्हीच काढा की.”

“मी न्हाई हात लावायचो. ज्येनं बांधलंय त्येनं काढायचं.”

मी इंजिन चालू केलं. दिवा लाल, स्थिर. पुढे बॉनेटमागे श्रीकांत वाकला.

“गेला!” मी ओरडले.

“काय गेला?”

“दिवा! नाही, लागला. आता गेला. लागला!”

“अगं, मी अजून काही केलेलंच नाही. नुसती तार सोडतोय.”

मिस्त्री श्रीकांतच्या बाजूला वाकले. “थांबा. तशीच धरा. आता जरा हिकडं आणा,” ते म्हणाले.

“लागला!”

“आता तिकडं न्या.”

“गेला!”

लिंबू इंजिनाच्या उष्णतेने शिजून आक्रसलं होतं, त्यामुळे तार ढिली पडली होती. तिचं लांब सुटलेलं टोक स्विचच्या उघड्या पत्र्याला टेकत होतं आणि दुसरी बाजू लोखंडाला बांधलेली होती. ऑइलचा दाब कमी झाला की स्विच दिव्याचा विजेचा प्रवाह जोडतो, तेच काम ही तार करत होती. डावीकडे वळलं की ती झुलायची आणि टेकायची. दोन दिवस इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

श्रीकांत आणि मिस्त्री दोघंही बघत राहिले.

“आतमदी कुणी बांधलं वं हे?” मिस्त्रींनी विचारलं.

“मीच.”

“लिंबू बांधायचं तर भाईर बांधत्यात, गड्या. आत बांधलं तर त्येला कुणाचं काय दिसणार?” मिस्त्री हसू दाबत म्हणाले. वडापचा ड्रायव्हर चहा टाकून बघायला आला होता, त्याने कोंबडीवाल्या म्हातारीला सगळं ओरडून सांगितलं. म्हातारी जीपमधून म्हणाली, “पर गाडी चालती हाय न्हवं? मग गुण आलाच की.” तिच्याशी वाद घालायला कोणाला सवड नव्हती. श्रीकांतने लिंबू-मिरची नंबरपट्टीला, आत्याने बांधली होती तिथे, बांधून टाकली.

मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. “पळा आता,” ते म्हणाले.

कृष्णाकाठ

तासगावहून पुढचा रस्ता आम्ही न थांबता केला. डावी वळणं आली आणि गेली, समोरची पट्टी काळीच राहिली. सूर्य उजव्या खिडकीत होता आणि उसाच्या वर फार थोडी जागा उरली होती. फाट्यावर अभय मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याने हात केला, गाडी वळवली आणि काहीही न बोलता पुढे निघाला.

अण्णा दारात पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन उभे होते. उंच, टोपी घातलेले, पांढऱ्या मिशांचे.

“आलासा? बरं झालं. हातपाय धुवा, बोलायचं मागनं बघू.”

पुण्यात पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग प्रवास कसा झाला. इथे त्या दिवशी सगळा क्रम उलटा होता. आम्ही हात धुतले आणि थेट पाटावर बसलो. केळीच्या पानांवर शाळूची भाकरी, तुरीची आमटी, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी आणि खपली गव्हाची खीर वाढलेली होती. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि नसल्याची आठवणही होत नाही. खपलीच्या खिरीला अभय घरात हुग्गी म्हणतो, तो शब्द इथे कन्नडमधून आला आहे. अक्का वाढत होत्या. ठेंगण्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, पायांना वेग असलेल्या.

पानं तीन मांडलेली होती. आम्हा दोघांची आणि अण्णांची. अण्णा बसले नव्हते, आम्ही पहिला घास घेण्याची वाट बघत उभे होते. मग मला कळलं की आम्ही वेळेवर पोचलो असलो तरी हिशेब चुकलेला आहे. आधी आम्ही, मग अण्णा, मग अभय, आणि सगळ्यांचं झाल्यावर अक्का. समोरच्या दारातून ऊस दिसत होता. सूर्याची खालची कड उसाला टेकली होती.

“अक्का, तुम्ही बसा,” मी म्हणाले.

“बसते की. तुमचं हू द्या.”

“आमचं होईपर्यंत सूर्य जाईल. तुम्ही आत्ताच बसा, आमच्याबरोबर.”

“आमच्यात तसं करत न्हाईत, बाई. आन् मी एकदा बसले की मला उठता यायचं न्हाई. एकाच बैठकीत जेवायचं असतंय. मग तुमाला वाढणार कोण?”

“मी वाढतो,” श्रीकांत म्हणाला आणि पाटावरून उठला.

“आवं, तुमी पाव्हणं!” अण्णा म्हणाले.

“तुम्ही बसा, अण्णा. मला सवय आहे.” त्याने अक्कांच्या हातातली पळी काढून घेतली. “चार वर्षं रोज रात्री अभयला मीच वाढत होतो. हिला कचेरीतून यायला नऊ व्हायचे, मग आम्ही तिघं…”

तो थांबला. अभय स्वयंपाकघराच्या दाराशी भाकरीची पाटी घेऊन उभा होता, तो खाली बघू लागला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं.

“रात्री?” अण्णा म्हणाले.

आमच्या घरी पहिल्या आठवड्यात अभय दिवसाउजेडी एकटाच जेवला होता. मग एक दिवस रात्री आमच्याबरोबर पानावर बसला, आणि त्यानंतर रोज. आम्ही त्याला बोलावलं नव्हतं, थांबवलंही नव्हतं. गावी हे माहीत नसेल, असा विचार आम्ही कधी केला नव्हता.

अक्का बसल्या. चौथं पान त्यांनीच ओढून घेतलं. “रात्री जेवायचा,” त्या म्हणाल्या, “पर पोटभर जेवायचा न्हवं?”

“पोटभर,” श्रीकांत म्हणाला. “भात तीनदा घ्यायचा.”

“मग वाढा आमटी. बघत काय उभं ऱ्हायलासा.”

अण्णाही बसले. श्रीकांत आमटी वाढत होता, अभय भाकरी. श्रीकांतची आमटी पानाबाहेर गेली, तेव्हा अक्का म्हणाल्या, “पुण्याला पानं मोठी असत्यात काय?” अण्णा, अक्का आणि मी जेवलो. अक्का भराभर जेवल्या नाहीत. एक भाकरी, आमटी, थोडी भाजी, खीर दोनदा. सूर्य उसात अर्धा उतरला, मग पाऊण. त्यांनी शेवटचा घास घेतला, पाणी प्यायल्या, वाटीत पाणी घालून ती धुतली आणि तेही पाणी पिऊन टाकलं. अन्नाचा कण उरू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. वाटी पानात पालथी ठेवली. उसाच्या शेंड्यांवर तेव्हा अजून तांबूस उजेड होता.

अण्णा उठून हात धुऊन आले आणि दारात उभे राहिले. अंगणात उजेड कमी कमी होत गेला. शेवटी ते आत वळले. अभय आणि श्रीकांत अजून भांडी हातात घेऊन उभे होते.

“बस आता,” अण्णा अभयला म्हणाले. “तुझी जेवायची वेळ झाली न्हवं?”

अभय बसला. श्रीकांतही बसला. वाढायला अक्का उठल्या.